पेज कोणाच्या नावावर?

नेटवर्कवरून आलेली माहिती कर्नल आधी आपल्या मेमरीत उतरवून घेतो आणि मग प्रोग्रामच्या मेमरीत तिची कॉपी करतो. ही कॉपी म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे गेली तीस-पस्तीस वर्षे बोलले जात आहे. आकडे मांडले तर आरोप खोटा नाही. १०० गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहू लागली की सेकंदाला साडेबारा गिगाबाइट माहिती येते. ती कॉपी करायची म्हणजे तितकीच वाचायची आणि तितकीच पुन्हा लिहायची, एकूण पंचवीस गिगाबाइट. डीडीआर४-३२०० मेमरीच्या एका चॅनेलची कागदावरची कमाल क्षमता २५.६ गिगाबाइट आहे. कॅशने हात दिला नाही, तर एक अख्खे चॅनेल केवळ माहिती इकडची तिकडे करण्यात खर्ची पडेल. प्रोग्रामने ती अजून वाचलेलीसुद्धा नाही.

हा हिशेब पाहिला की कोणाही इंजिनिअरचे हात शिवशिवतात. कॉपी काढून टाका, आलेले पेजच प्रोग्रामच्या हवाली करा, प्रश्न मिटला. माझे म्हणणे असे की, मिटत नाही. तो दुसरीकडे सरकतो. कर्नलमधली कॉपी बाइट्स वाहून नेते हे तिचे दिसणारे काम. न दिसणारे काम असे की ती मालकीचा व्यवहार तिथल्या तिथे पुरा करते. कॉपी झाली की कर्नलचे पेज कर्नलकडे राहते, प्रोग्रामचे बाइट्स प्रोग्रामकडे जातात, आणि दोघांचे एकमेकांशी काही देणेघेणे उरत नाही. कॉपी काढायची तर पेज कोणाच्या नावावर, किती वेळ आणि परत कधी, हे सगळे आधी ठरवावे लागते. झिरो-कॉपी रिसीव्हच्या वाटेवर जे प्रयत्न आपटले, त्यांपैकी बहुतेक हे ठरवण्याची वेळ चुकल्यामुळे आपटले.

पॅकेट येते तेव्हा काय होते ते जरा जवळून पाहू. कार्डाचा ड्रायव्हर रिकाम्या पेजेसचे पत्ते कार्डाच्या रांगेत आधीच लावून ठेवतो. इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर एक पेज ४०९६ बाइट्सचे असते. तारेवरून फ्रेम आली की कार्ड रांगेतली पुढची जागा घेते आणि डीएमएने फ्रेम तिथे उतरवते. ही फ्रेम वेब सर्व्हरची की डेटाबेसची, हे त्या क्षणी कोणीच विचारत नाही. नंतर कर्नल हेडर वाचतो, पोर्टवरून सॉकेट शोधतो, टीसीपीचे क्रमांक तपासतो आणि पॅकेट सॉकेटच्या रांगेला लावतो. सगळ्यांत शेवटी प्रोग्राम रिसीव्हची हाक मारतो आणि आपल्या मेमरीतला पत्ता देतो. म्हणजे जागा ठरते सर्वांत आधी आणि धनी कळतो सर्वांत शेवटी. मधला सांधा कॉपीने जोडला जातो.

पाठवण्याच्या बाजूला ही अडचण नाही. तिथे माहिती कोणाची, कुठली, कुठे जायची हे पहिल्यापासून ठाऊक असते. म्हणून लिनक्समध्ये फाइल थेट सॉकेटवर सोडणारा सेंडफाइल १९९९ सालच्या २.२ आवृत्तीतच आला, आणि प्रोग्रामच्या मेमरीतून कॉपीशिवाय पाठवण्याची सोय २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीत आली. घेण्याची बाजू मात्र रखडत राहिली. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या आहेत असे समजून जे बोलतात, त्यांनी बहुधा रिसीव्हचा ड्रायव्हर कधी उघडून पाहिलेला नसतो.

आता ते पेजच पाहा. नेहमीच्या इथरनेट फ्रेममध्ये १५०० बाइट्स मावतात. आयपीचे २० आणि टीसीपीचे टाइमस्टॅम्पसह ३२ वजा केले की माहिती उरते १४४८ बाइट्स. इथरनेटचे स्वतःचे १४ बाइट्स सर्वांच्या पुढे. म्हणजे आपली माहिती फ्रेमच्या सहासष्टाव्या बाइटनंतर सुरू होते आणि पेजचा निम्म्याहून मोठा भाग तिच्याविनाच राहतो. मेमरी वाया जाऊ नये म्हणून बरेच ड्रायव्हर एकाच पेजचे २०४८ बाइट्सचे दोन भाग करून दोन वेगळी पॅकेट्स त्यात ठेवतात. असे पेज उचलून एका प्रोग्रामच्या पत्त्यांत जोडले, तर दुसऱ्या अर्ध्या भागातली शेजाऱ्याची माहितीही त्याच्या हाती जाईल. मेमरीचे संरक्षण पेजच्या मापाने चालते. अर्ध्या पेजला कुलूप लावता येत नाही. कॉपी नेमके १४४८ बाइट्स उचलते, प्रोग्रामला हव्या त्या पत्त्यावर ठेवते आणि बाकीचे पेज कोणाला दाखवतही नाही.

शेजारच्या काकूंनी डब्यातून काही पाठवले की आपण ते आपल्या भांड्यात काढून घेतो आणि डबा परत देतो. दोन भांडी घासावी लागतात खरी, पण आपण तो पदार्थ आज खातो की उद्या, याचा काकूंना घोर नसतो. डबाच ठेवून घेतला तर एक भांडे वाचते; पण दहा घरांनी असे केले की काकूंच्या फडताळात डबे उरत नाहीत आणि पुढचा पदार्थ पाठवायचा कशातून हा प्रश्न पडतो. कार्डाच्या रांगेचे असेच आहे. तिच्यात रिकामी पेजेस सतत पडत राहिली पाहिजेत. ती संपली की कार्ड पॅकेट टाकून देते, टीसीपी ते हरवले असे समजून वेग कमी करते, आणि कॉपी वाचवून कमावलेले सगळे पुन्हा पाठवण्यात जाते.

कॉपीवर पद्धतशीर खापर फुटले ते १९८९ मध्ये. डेव्हिड क्लार्क, व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीसीपीचा खर्च मोजून दाखवले की प्रोटोकॉलची स्वतःची सूचनांची संख्या अगदी माफक आहे. खरा भार माहितीला हात लावण्याचा, म्हणजे कॉपी आणि चेकसमचा, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्यवस्थेचा आहे. चेकसमचे ओझे पुढे कार्डांनी उचलले. कॉपी राहिली. मग एक युक्ती सगळ्यांना सुचली: माहिती हलवण्याऐवजी पेज-टेबलातली नोंद बदला. कर्नलच्या नावावरचे पेज प्रोग्रामच्या नावावर करा, त्याचे एक रिकामे पेज बदल्यात घ्या. याला पेज-फ्लिपिंग म्हणतात. ऐकायला फुकटचे वाटते.

फुकट ते नाही. पेज-टेबलातली जुनी नोंद बदलली की प्रोसेसरांच्या टीएलबीत, म्हणजे पत्त्यांच्या छोट्या कॅशमध्ये, राहिलेली जुनी नोंदही पुसावी लागते. प्रोग्रामचे धागे आठ कोअर्सवर चालत असतील तर आठांनाही हातातले काम थांबवून तसे कळवावे लागते. उलट ४०९६ बाइट्सची कॉपी सेकंदाला दहा गिगाबाइटच्या वेगाने केली तर जेमतेम ४०० नॅनोसेकंद लागतात, आणि माहिती कॅशमध्ये असेल तर त्याहूनही कमी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार.

याचा सर्वांत बोलका पुरावा झेनचा आहे. केंब्रिजहून २००३ मध्ये पुढे आलेल्या या हायपरव्हायझरमध्ये पाहुण्या यंत्राला पॅकेट द्यायचे ते पेज-फ्लिपिंगने. पॅकेटचे पेज त्याच्या नावावर आणि त्याचे एक पेज परत, अशी अदलाबदल. तीनच वर्षांनी, २००६ मध्ये, अरविंद मेनन, ॲलन कॉक्स आणि विली झ्वानेपोएल यांनी ही वाट बारकाईने मोजली आणि सुचवलेली दुरुस्ती होती कॉपी. दर पॅकेटमागे नोंदी बदलण्यापेक्षा १५०० बाइट्स सरळ नकलून द्यावेत, हे स्वस्त. झेननेही पुढे फ्लिपिंग सोडून दिले. फ्रीबीएसडीमध्ये २००२ च्या सुमारास झिरो-कॉपी सॉकेट्स आले होते. घेण्याच्या बाजूसाठी त्यांना अल्टिऑनच्या चिपचे खास बदललेले फर्मवेअर लागे, जे हेडर आणि माहिती वेगळी करून देई. तो कोडही नंतर काढून टाकण्यात आला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये या जातीच्या तंत्रांवर कडक शब्दांत टीका केली होती. मेमरीच्या नोंदींशी असले खेळ करण्यापेक्षा कॉपी बरी, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. त्यांची भाषा नेहमीसारखी अनावर होती, पण मुद्दा खरा होता.

लिनक्समध्येच २०१८ मध्ये, ४.१८ आवृत्तीत, गुगलच्या एरिक डुमाझे यांनी टीसीपीसाठी झिरो-कॉपी रिसीव्ह आणला. सॉकेटवर एमएमॅप करून पत्त्यांचा एक पट्टा राखायचा, मग गेटसॉकऑप्टच्या हाकेने आलेली पेजेस त्यात जोडून घ्यायची. पेजेस फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. पहिल्या मांडणीत एमएमॅपच हे सगळे काम करत असे. पण तेव्हा मेमरीचे कुलूप आणि सॉकेटचे कुलूप उलट्या क्रमाने लागू लागले, म्हणून जोडण्याचे काम दुसऱ्या हाकेकडे द्यावे लागले. या सोयीच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. माहिती पेजच्या सुरुवातीलाच सुरू झाली पाहिजे आणि पूर्ण ४०९६ बाइट्सची असली पाहिजे. त्यासाठी कार्डाने हेडर वेगळे काढायला हवे, आणि आयपीव्ही६ वर फ्रेमची मर्यादा ४१६८ च्या आसपास न्यायला हवी: ४०९६ माहितीचे, ४० आयपीचे, ३२ टीसीपीचे. जे बाइट्स या मापात बसत नाहीत त्यांच्यासाठी ती हाकच एक आकडा परत देते, की पुढचे इतके बाइट्स नेहमीच्या रिसीव्हने न्या. म्हणजे झिरो-कॉपीच्या पोटातच कॉपीची पळवाट ठेवलेली आहे. ज्यांच्या हातात कार्डापासून स्विचपर्यंत सगळी व्यवस्था आहे, त्यांना हे परवडते. इंटरनेटवरून येणाऱ्या अठरापगड १४४८ बाइट्सच्या पॅकेट्सना याचा काही उपयोग नाही.

या सगळ्या प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे. पॅकेट आधी कुठल्याही पेजवर येते, आणि आल्यावर त्या पेजची मालकी बदलायची धडपड सुरू होते. गोची इथे आहे. मालकी बदलणे महाग असेल तर ती दर पॅकेटला बदलता कामा नये. पॅकेट येण्याआधीच एकदा ठरवून टाकली पाहिजे.

हे नवे ज्ञान नाही, आणि म्हणूनच त्याची गंमत. ॲरिझोना विद्यापीठातल्या पीटर ड्रुशेल आणि लॅरी पीटरसन यांनी १९९३ मध्ये एफबफ्स नावाची योजना मांडली होती. माहिती ज्या वाटेने जाणार त्या वाटेवरच्या सर्वांच्या पत्त्यांत बफर आधीच जोडून ठेवायचे, काम झाले की जोडणी न तोडता पुन्हा त्याच वाटेसाठी वापरायचे. दर वेळी नोंद बदलण्याचा खर्चच नाही. त्यांना हे जमले, कारण त्यांचे नेटवर्क एटीएमचे होते. दर सेलवर आभासी वाटेचा क्रमांक असे आणि कार्ड त्यावरून बफर निवडू शके. इथरनेटच्या कार्डांना तेव्हा ती अक्कल नव्हती. कल्पना बरोबर होती, तिला साजेसे हार्डवेअर सर्वत्र पोचायला तीन दशके गेली.

मधल्या काळात काही जणांनी कर्नललाच वळसा घातला. पिसाच्या लुइजी रिझ्झो यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या नेटमॅपने ९०० मेगाहर्ट्झच्या एका कोअरवर १० गिगाबिटची लाइन सर्वांत लहान पॅकेट्सनी, सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार, भरून दाखवली. डीपीडीके आणि एएफ-एक्सडीपी त्याच कुळातले. वेग थक्क करणारा आहे, पण टीसीपी आपले आपण आणा. चाळीस वर्षांच्या दुरुस्त्या पचवलेले टीसीपी टाकून स्वतःचे लिहायचे, हा सौदा फार थोड्यांच्या फायद्याचा. इतरांसाठी ते आगीतून फुफाट्यात जाणे आहे.

मे २०२५ च्या लिनक्स ६.१५ मध्ये आयओ-यूरिंगमधून आलेला झिरो-कॉपी रिसीव्ह मला म्हणून महत्त्वाचा वाटतो. डेव्हिड वेई आणि पावेल बेगुनकोव्ह यांनी चालवलेल्या या कामात टीसीपी कर्नलचेच राहते. बदलते ती पेज ठरवण्याची वेळ. प्रोग्राम आपल्या मेमरीचा एक पट्टा कर्नलकडे नोंदवतो. तो पट्टा जागेवर खिळवला जातो, कार्डाच्या डीएमएसाठी एकदाच जोडला जातो आणि कार्डाच्या एका ठरावीक रांगेला बांधला जातो. मग कार्डाला नियम दिला जातो, की अमुक पोर्टची पॅकेट्स याच रांगेत घाल, आणि बाकीच्यांना या रांगेपासून दूर ठेव. कार्ड हेडर तोडून कर्नलच्या मेमरीत टाकते, माहिती थेट प्रोग्रामच्या पट्ट्यात. कर्नल हेडर वाचून टीसीपीचे सगळे सोपस्कार करतो आणि शेवटी प्रोग्रामला फक्त सांगतो, की तुझ्याच पट्ट्यात अमुक ठिकाणी इतके बाइट्स आले आहेत. प्रोग्रामचे वाचून झाले की तो ती जागा दुसऱ्या एका वलयाकार रांगेतून (रिंगमधून) परत करतो, त्यासाठी सिस्टिम कॉलही लागत नाही. पॅकेट उतरले तेव्हाच ते योग्य मालकाच्या जागेत होते, त्यामुळे पेज-टेबलाला हात लावायचा प्रसंगच येत नाही. अर्धवट भरलेल्या पेजची भीतीही संपते, कारण उरलेला भागही त्याच प्रोग्रामचा.

पॅचसोबत दिलेल्या मोजणीत, २०० गिगाबिटच्या कार्डावर, प्रोग्राम आणि नेटवर्कचे काम वेगळ्या कोअर्सवर असताना नेहमीच्या, कॉपी करणाऱ्या ईपोलने ८२.२ गिगाबिट गाठले आणि या पद्धतीने ११६.२. दोन्ही कामे एकाच कोअरवर कोंबली तर ६२.६ चे ८०.९ झाले. फायदा ठसठशीत आहे. पण मोजणाऱ्या प्रोग्रामला आलेल्या माहितीशी फारसे काही करायचे नसते, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत.

प्रोग्रामला माहिती वाचायचीच असेल तर काय? जेसनची मजकूर-फोड करायची असेल, तर प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या कॅशमध्ये यावाच लागतो. कर्नलने नुकतीच कॉपी केली असेल तर तो तिथे आलेलाच असतो; म्हणजे कॉपीचा काही खर्च पुढच्या वाचनातून वसूल होतो. इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरांत २०१२ पासून कार्डाची माहिती आधी कॅशमध्येच उतरते, त्यामुळे ती ताजी असताना केलेली कॉपी आणखी स्वस्त पडते. टीएलएसचे तर वेगळेच. उलगडा करताना सांकेतिक मजकूर एका ठिकाणाहून वाचून साधा मजकूर दुसरीकडे लिहिला जातो. स्थलांतर त्या कामातच उरकते. पुण्या-बंगळुरात स्टोरेज आणि सिस्टिम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींच्या बैठकांत ‘झिरो-कॉपी आहे ना?’ हा प्रश्न आधी येतो. आलेले बाइट्स प्रोसेसर वाचणार आहे की नाही, हा प्रश्न त्याच्याही आधी यायला हवा.

प्रोसेसर वाचणारच नसेल तर मात्र कॉपीची बाजू मी घेणार नाही. एआयच्या यंत्रांत माहिती जीपीयूच्या मेमरीत जायची असते. ती आधी मुख्य मेमरीत, मग कॉपी, मग पुन्हा पीसीआयवरून जीपीयूत, असा द्राविडी प्राणायाम कोण आणि का करील? नोव्हेंबर २०२४ च्या लिनक्स ६.१२ मध्ये गुगलच्या मीना अल्मासरी यांच्या कामातून आलेल्या डिव्हाइस-मेमरी टीसीपीत कार्ड माहिती थेट जीपीयूच्या मेमरीत सोडते आणि कर्नलला फक्त हेडर दिसते. इथे एक जुनी गृहीत गोष्ट उघडी पडली. कर्नल प्रत्येक ४०९६ बाइट्सच्या पेजसाठी ६४ बाइट्सची नोंद ठेवतो, मेमरीच्या दीड टक्क्याहून थोडी जास्त जागा त्यातच जाते, आणि त्या नोंदीतल्या मोजणीवर नेटवर्कचा सारा कोड विसंबून होता. जीपीयूच्या मेमरीला अशी नोंदच नाही. म्हणून पेज असो की परकी मेमरी, दोन्हींना चालेल असा नेटमेम हा प्रकार आणावा लागला. त्याने थेट वेग वाढत नाही, वाचायला तो कोड कंटाळवाणा आहे, आणि तरीही माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे. पेज म्हणजे काय आणि त्याचा मालक कोण, हे दोन प्रश्न त्याने कायमचे वेगळे केले.

कार्डे सुधारतील, मग सगळ्यांनाच झिरो-कॉपी द्या, असे म्हणणाऱ्यांना माझा विरोध रांगांच्या संख्येवरून आहे. कार्डावर रांगा काही शेकड्यांत असतात, सर्व्हरवर कनेक्शन्स लाखांत. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची रांग आणि खिळवलेला पट्टा देता येणार नाही. खिळवलेली मेमरी टंचाईच्या वेळी कर्नलला परत घेता येत नाही. आळशी प्रोग्रामने जागा परत केल्या नाहीत तर त्याची रांग उपाशी मरते. एकाच जागेला दोनदा ‘परत केली’ म्हणणारा प्रोग्रामही असू शकतो, म्हणून कर्नल प्रत्येक तुकड्यामागे प्रोग्रामकडे दिलेल्या ताब्यांची वेगळी मोजणी ठेवतो आणि खोटी परतफेड मानत नाही. पॅकेट चुकून दुसऱ्या रांगेतून आले तर निमूट कॉपी करून पट्ट्यात टाकतो. साध्या रिसीव्हला यातले काहीच करावे लागत नव्हते. तीच पद्धत सर्वांसाठी असावी आणि झिरो-कॉपी हा ज्याला त्याची अट समजली आहे त्याने मागून घ्यावा, ही आजची रचना तडजोड म्हणून नव्हे, योग्य म्हणून टिकावी.

अडचण कुठे उरते हे पाहायचे असेल तर रांग बंद करतानाचा क्षण पाहावा. जेस्पर ब्राउअर यांच्या पेज-पूलमधून कार्डाला पेजेस दिली जातात. पूल मोडायचा तर बाहेर गेलेले प्रत्येक पेज परत यायला हवे. काही कार्डाकडे असतात, काही पॅकेट्सबरोबर सॉकेटच्या रांगेत, काही अशा प्रोग्रामकडे ज्याने सॉकेट उघडे ठेवले आहे पण आठवडाभर वाचलेलेच नाही. कर्नल बळजबरीने पेज ओढू शकत नाही, कारण त्यावर अजून कोणाचा तरी ताबा आहे. तो दर सेकंदाला पुन्हा मोजून पाहतो आणि सुमारे मिनिटाला एकदा लॉगमध्ये ओळ टाकतो: पूल बंद होणे अडले आहे, इतकी पेजेस बाहेर, इतके सेकंद झाले. पेजेस कोणी धरून ठेवली आहेत, हे त्या ओळीत लिहिलेले नसते.